तंबूतील घराणी

'घराणे' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ रक्ताच्या नात्याचा आहे. कूळ, वंश, वाडा आणि वतन यांच्याशी तो बांधलेला आहे. दुसरा अर्थ संगीताच्या व्यवहारातून रूढ झाला. गुरूकडून शिष्याकडे जाणारी विद्या, तिची शिस्त आणि तिची ओळखता येणारी शैली यांना तो अनुलक्षून आहे. भारतीय सर्कशीच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ आरंभापासून एकमेकांत मिसळलेले आढळतात. सर्कस हा व्यवसाय कुटुंबाने चालविला आणि कुटुंबानेच जगविला, हे खरे. तथापि ज्या ज्या वेळी त्याच्यापुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला, त्या त्या वेळी कुटुंबाला आपली रक्ताची सीमा ओलांडावी लागली. ही सीमा कोणी, केव्हा आणि कोणती किंमत देऊन ओलांडली, याचा शोध घेतला म्हणजे एका लोकप्रिय करमणुकीच्या इतिहासाबरोबरच आधुनिक भारतातील विद्येच्या वारसाहक्काचाही इतिहास हाती लागतो.

आधुनिक सर्कशीचा जन्म घोड्याच्या पाठीवर झाला. लंडनमध्ये 1768 साली फिलिप अ‍ॅस्टली या घोडदळातून आलेल्या गृहस्थाने वर्तुळाकार रिंगणात अश्वविद्येचे खेळ सुरू केले. वर्तुळात धावणाऱ्या घोड्यावर उभा राहिलेला स्वार आतल्या बाजूला झुकून आपला तोल साधू शकतो, हे त्याच्या रिंगणाचे मर्म होते. पुढे स्थिर झालेला बेचाळीस फुटी व्यास आजही प्रमाण मानला जातो. युरोपातील सर्कस या अश्वविद्येभोवती वाढली आणि तिथे ती काही कुटुंबांची मिरास बनली. बाप मुलाला घोड्यावर चढवी, मुलगी दोरीवर चाले, जावई रिंगणाची व्यवस्था पाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटींनी समुद्र जवळ आणले, तेव्हा अशाच एका इटालियन कुटुंबातील क्यारिनी याचा तांडा 1879 मध्ये मुंबईत येऊन उतरला.

या तांड्याचे खेळ पाहणाऱ्यांत विष्णुपंत मोरेश्वर छत्रे होते. त्यांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचा. विद्येच्या ओढीने ते तरुणपणी उत्तरेत गेले होते. ग्वाल्हेरला त्यांनी दोन विद्या एकाच वेळी हस्तगत करण्याचा प्रयत्न केला. एक अश्वशिक्षणाची आणि दुसरी हद्दू खाँ यांच्याकडील गायनाची. परत आल्यावर दक्षिणी संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांचा अश्वविद्येत जम बसला. भारतात अशी सर्कस उभी राहायला आणखी पुष्कळ वर्षे लागतील, असे उद्गार क्यारिनीने काढले आणि छत्रे यांनी ते आव्हान समजून स्वीकारले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिच्यातील पैजेचा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. मात्र 20 मार्च 1880 या दिवशी छत्रे यांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला, ही तिथी भारतीय सर्कशीचा आरंभ म्हणून मान्यता पावली आहे. उत्तर हिंदुस्थानात फिरून ही मंडळी पुढे दक्षिणेत मद्रासपर्यंत, सिंहलद्वीपात आणि आग्नेय आशियातही गेली.

आख्यायिकेत राष्ट्राभिमानाचा सूर आहे आणि त्या काळाला तो साजेसाच होता. परंतु तिच्या आड एक अधिक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. छत्रे यांच्या पाठीशी कोणतीही कौटुंबिक परंपरा नव्हती. क्यारिनीकडे जे पिढ्यांनी आले होते, ते छत्रे यांनी गुरूच्या दारात उभे राहून मिळविले होते. म्हणजे भारतीय सर्कशीचा पहिला मालक घराण्याच्या पहिल्या अर्थाने सर्कशीचा वारसदार नव्हता. तो दुसऱ्या अर्थाने शिष्य होता.

या शिष्यत्वाचा एक पुरावा मराठी संगीताच्या इतिहासात जपला गेला आहे. हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ हे विलक्षण प्रतिभेचे गायक. पित्याच्या पश्चात त्यांची वाताहत झाली. अशा भणंग अवस्थेत ते छत्रे यांना भेटले आणि गुरुपुत्र म्हणून छत्रे यांनी त्यांना आपल्या सर्कशीबरोबर ठेवून घेतले. हत्तीघोड्यांच्या तांड्यात एक खयालगायकही गावोगाव हिंडू लागला. जिथे सर्कशीचा मुक्काम, तिथे रहिमत खाँ यांच्या गाण्याची बैठक, असा परिपाठ पडला. विष्णुपंत 1905 मध्ये वारले. त्यानंतर त्यांचे धाकटे बंधू काशिनाथपंत यांनी हे पालकत्व पुढे चालविले आणि 1922 मध्ये कुरुंदवाडला रहिमत खाँ यांचा अंत होईपर्यंत ते निभावले. तंबूतील कुटुंब म्हणजे काय, याची याहून बोलकी व्याख्या सापडणे कठीण आहे. धर्म, प्रांत आणि रक्त या तिन्ही दृष्टींनी परका असलेला माणूस विद्येच्या नात्याने घरचा झाला आणि एका भावाची ती जबाबदारी वारसा म्हणून दुसऱ्या भावाकडे गेली.

1880 हे वर्ष मराठी साहित्याच्या अभ्यासकाला दुसऱ्या एका कारणाने परिचित आहे. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग होऊन संगीत नाटकाचे युग सुरू झाले. हे दोन आरंभ शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये नाटकाचा प्रयोग केला, तो सांगलीत. आणि सर्कशीची मराठी घराणीही मुख्यतः त्याच कृष्णाकाठच्या परिसरात उदयाला आली. नाटक मंडळी आणि सर्कस या दोन्ही संस्थांची रचना सारखी होती. मालक हाच प्रमुख कलावंत, बिऱ्हाड पाठीवर, संस्थानिकांचा आश्रय आणि तिकिटाचे उत्पन्न यांवर मिळून गुजराण, पावसाळ्यात मुक्काम, मुदपाकखाना सामाईक. भेद होता तो भाषेचा. नाटक मंडळी मराठी जिथे समजेल तिथवरच जाऊ शके. सर्कशीला भाषेची अडचण नव्हती, म्हणून ती पेशावरपासून सिंगापूरपर्यंत कोठेही तंबू ठोकू शकली. तिचा हा लाभ पुढे तिच्या विस्मरणाचेही कारण ठरला. शब्द नसलेल्या कलेची नोंद शब्दांच्या इतिहासात सहसा होत नाही.

छत्रे यांच्या मागून कार्लेकर, म्हैसाळचे देवल, पुण्याचे शेलार, तासगावचे परशुराम माळी अशा अनेकांनी स्वतःच्या सर्कशी काढल्या. या यादीत ब्राह्मण आहेत आणि ब्राह्मणेतरही आहेत. शिक्षण, नोकरी आणि शेती यांच्या बाहेरची, अंगमेहनतीची आणि धाडसाची ही वाट ज्या समाजांनी धरली, त्यांच्या दृष्टीने ती लहान गोष्ट नव्हती. कुटुंबांतील कामांची वाटणी जवळजवळ ठरलेली असे. एक भाऊ रिंगणात, दुसरा हिशेबाला, तिसरा पुढच्या गावी जाऊन मैदानाचा परवाना, रेल्वेच्या वाघिणी आणि जनावरांचा चारा यांची तजवीज करणारा. एकाच वेळी दोनतीनशे माणसे आणि डझनावारी जनावरे यांना रोज खाऊ घालणारा हा संसार होता. तंबू एक दिवस बंद राहिला, तरी चुली आणि पिंजरे थांबत नसत. एकत्र कुटुंबाची काटकसर, अधिकाराची उतरंड आणि एकमेकांच्या शब्दावरचा विश्वास हेच या व्यवसायाचे खरे भांडवल होते. याच कारणाने भाऊबंदकीने शेताचे तुकडे व्हावेत तसे सर्कशींचेही झाले.

या उदयाची एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे. दोरीवर चालणे, बांबूवर तोल सांभाळणे, कोलांट्या मारणे, जनावरे खेळविणे या विद्या भारतात क्यारिनीबरोबर आल्या नाहीत. डोंबारी, कोल्हाटी, मदारी, दरवेशी यांच्या कुटुंबांत त्या शतकानुशतके चालत आल्या होत्या. बापाने ढोलकी वाजवावी आणि पोरीने दोरीवरून चालत जावे, हे दृश्य गावच्या बाजारात नित्याचे होते. सर्कशीने त्या विद्येला तंबू, तिकीट, बँड आणि इंग्रजी नाव दिले व त्यामुळे तिला प्रतिष्ठा आली. ज्यांची ती मुळात होती, त्यांतले बहुसंख्य लोक मात्र तंबूच्या बाहेर रस्त्यावरच राहिले. एकाच कसरतीला तंबूत टाळ्या आणि रस्त्यावर भीक मिळावी, हा भेद कसरतीतला नव्हता. तो समाजाच्या नजरेतला होता.

बंगालमध्ये सर्कशीचा उदय निराळ्या प्रेरणेने झाला. तिथे तालमी, व्यायाम आणि राष्ट्रीय भावना यांचा संबंध आधीच जुळला होता. प्रियनाथ बोस यांनी 1887 मध्ये 'ग्रेट बेंगॉल सर्कस' सुरू केली. बंगाली माणूस दुबळा, या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या हेटाळणीला ते एक उत्तर होते. सुशीलासुंदरी ही तरुणी तिथे वाघांबरोबर रिंगणात उतरे. घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर येऊ नये अशी धारणा असलेल्या काळात एक स्त्री वाघाच्या पिंजऱ्यात शिरते, ही घटना सामाजिक इतिहासाने अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

भारतीय सर्कशीचे भवितव्य ज्या घटनेने ठरविले, ती मात्र मलबारात घडली. 1887 च्या सुमारास छत्रे यांची सर्कस तलश्शेरीला गेली असता त्यांची गाठ कीलेरी कुंजिकण्णन यांच्याशी पडली. हे गृहस्थ मिशनच्या शाळेत व्यायामशिक्षक होते. कळरिपयट्टु ही केरळची युद्धविद्या आणि पाश्चात्त्य जिम्नॅस्टिक्स या दोहोंत त्यांना गती होती. कुंजिकण्णन यांनी मुले तयार करावीत आणि छत्रे यांनी त्यांना सर्कशीत काम द्यावे, असा विचार या भेटीतून पुढे आला. 1901 मध्ये तलश्शेरीजवळ चिरक्करा येथे त्यांची सर्कस-शाळा उभी राहिली. 1904 मध्ये त्यांचे शिष्य परियाळी कण्णन यांनी 'ग्रँड मलबार सर्कस' काढली. कण्णन बोम्बायो या नावाने ओळखला जाणारा त्याच मातीतला कसरतपटू 1930 नंतरच्या दशकात आपल्या दोरीवरील उड्यांनी युरोपातील प्रेक्षकांना थक्क करीत होता. कुंजिकण्णन 1939 मध्ये निवर्तले. तोवर तलश्शेरी हे नाव सर्कशीच्या जगात विद्यापीठासारखे झाले होते.

मराठी घराणी मागे पडली आणि मलबारची टिकली, याचे कारण येथे सापडते. मराठी सर्कशीचा कणा घोडा आणि हिंस्र श्वापदे हा होता. घोड्यांसाठी संस्थानिकांची पागा हवी, जाणकार हवेत, आश्रय हवा. संस्थाने ओसरली, तशी ही विद्या पोसणे मालकाच्या एकट्याच्या आवाक्यात राहिले नाही. शिवाय ती प्रायः मालकाच्या अंगी असे. त्याच्या मुलाला तिची गोडी नसली, किंवा शिकून वकिली करावीशी वाटली, तर पिंजरे विकण्यावाचून गत्यंतर नसे. मलबारच्या विद्येला शरीरावाचून दुसरे साधन लागत नव्हते. ती शाळेत शिकविली जाई आणि शाळेचा दरवाजा गुरूच्या नातलगांपुरता उघडा नव्हता. एका कुटुंबात ती संपली, तर दहा कुटुंबांत शिल्लक राही. कुटुंबाच्या आधाराने वाढलेला व्यवसाय कुटुंबाबाहेर पडण्याच्या या क्षमतेमुळेच वाचला. या परिवर्तनाचे बीज एका मराठी मालकाने पेरले होते, हा इतिहासातला न्यायही आहे आणि उपरोधही.

एम. व्ही. शंकरन यांचे चरित्र याच परंपरेचे फळ आहे. 1924 मध्ये जन्मलेल्या शंकरन यांनी तलश्शेरीला शिक्षण घेतले, काही वर्षे सैन्यात काढली, मग झुल्यावरील कसरतपटू म्हणून नाव मिळविले. सहकारी के. सहदेवन यांच्यासमवेत त्यांनी 'विजया सर्कस' ही डबघाईला आलेली छोटी सर्कस सहा हजार रुपयांना विकत घेतली आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी गुजरातेतील बिलीमोरा येथे 'जेमिनी सर्कस' या नव्या नावाने तिचा पहिला खेळ केला. राज कपूर यांच्या 'मेरा नाम जोकर' (1970) मधील तंबू हा याच सर्कशीचा. त्याआधी 'चंद्रलेखा' (1948) या चित्रपटासाठी एस. एस. वासन यांनी ज्या सर्कशींची मदत घेतली होती, त्यांत तासगावची परशुराम लायन सर्कसही होती. शंकरन यांनी 1977 मध्ये 'जम्बो सर्कस'ही आपल्या हाती घेतली. एप्रिल 2023 मध्ये वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. शिष्य म्हणून आरंभ केलेल्या या माणसाच्या पश्चात त्याचा व्यवसाय मुलांकडे आला. दुसऱ्या अर्थाचे घराणे पुन्हा पहिल्या अर्थाकडे वळले.

मराठी परंपरेतील शेवटचे मोठे नाव दामू धोत्रे यांचे. ते 1902 साली पुण्यात जन्मले. शेलार सर्कस त्यांच्या मामांची. तिथेच ते बालपणी या विद्येत शिरले. पुढे परकीय सर्कशींतून वाट काढीत 1939 मध्ये ते फ्रान्समध्ये आल्फ्रेड कोर्ट या विख्यात पशुशिक्षकाकडे गेले आणि 1940 पासून अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या रिंगणात वाघ, सिंह, बिबळे खेळवू लागले. 'वाघ-सिंह माझे सखे-सोबती' हे त्यांच्या आठवणींचे पुस्तक मराठीत वाचले गेले. शीर्षकातच त्यांची भूमिका आहे. धाक आणि चाबूक यांपेक्षा ओळख आणि संयम यांवर त्यांची भिस्त होती. परंतु ज्या जगात त्यांनी ही विद्या मिळविली, ते जग त्यांच्या मृत्यूनंतर (1973) फार काळ टिकायचे नव्हते.

1991 मध्ये केंद्र सरकारने काही वन्य प्राण्यांच्या खेळांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. वादविवादानंतर 14 ऑक्टोबर 1998 ची सुधारित अधिसूचना आली. तीत अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांच्या प्रदर्शनाला आणि प्रशिक्षणाला मनाई करण्यात आली. सर्कसचालकांनी ती न्यायालयात नेली. 2000 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि 1 मे 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. चालकांचा युक्तिवाद उपजीविकेच्या हक्काचा होता. न्यायालयाने प्राण्याच्या वेदनेला अधिक वजन दिले. या निर्णयाची नैतिक बाजू बळकट आहे, यात शंका नाही. फिरत्या पिंजऱ्यातील वाघाचे जिणे सुखाचे म्हणणे धाडसाचे होईल. तरीही पिढ्यान्‌पिढ्या त्या पिंजऱ्याची जोखीम पत्करलेल्या माणसाच्या हातातील विद्या एका कागदाने निरुपयोगी ठरली, हेही तितकेच खरे आहे. वाघांसाठी पुनर्वसन केंद्रे उभारली गेली. त्यांना खेळविणाऱ्या माणसांचे पुनर्वसन हा प्रश्न तसा कोणी विचारात घेतला नाही.

दुसरा आघात अधिक अंतर्मुख करणारा होता. लवचीक शरीर घडवायचे तर शिक्षण लहानपणीच सुरू झाले पाहिजे, हा सर्कशीचा जुना सिद्धान्त. स्वतःच्या मुलांना शिकविताना त्याच्यावर आईबापांच्या मायेचा अंकुश होता. मालकांची आणि कलावंतांची मुले जसजशी शाळा-महाविद्यालयांकडे वळली, तसतशी रिंगणातील जागा गरीब घरांतून, विशेषतः नेपाळमधून, दलालांमार्फत आणलेल्या मुलींनी भरली जाऊ लागली. करारपत्रे झाली, मुली वर्षानुवर्षे अडकून पडल्या, छळाच्या तक्रारी पुढे आल्या. 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर 18 एप्रिल 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई करणारी अधिसूचना काढण्याचा आदेश केंद्राला दिला. सर्व सर्कशींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु तंबूतील सारे एका कुटुंबातले, हे वाक्य ज्यांनी अभिमानाने उच्चारले, त्यांना हा प्रश्न टाळता येत नाही. कुटुंब या शब्दात आश्रय असतो तशी सत्ताही असते. जिथे मजुराला लेकरू म्हटले जाते, तिथे मजुरीचा हिशेब मागणे कृतघ्नपणाचे ठरते.

या सर्व स्थित्यंतरांची साहित्यातील नोंद अपुरी आहे. मलयाळममध्ये श्रीधरन चंपाड यांनी स्वतः सर्कशीत काम करून त्या जीवनावर लेखन केले; त्यांच्या कथेवर के. जी. जॉर्ज यांचा 'मेळा' (1980) हा चित्रपट निघाला. जी. अरविंदन यांच्या 'तंप' (1978) मध्ये तंबूतील कलावंतांचे चेहरे आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्या गावकऱ्यांचे चेहरे यांनाच कथानकाची जागा मिळाली. मराठीत धोत्रे यांच्या आठवणी आणि बंडोपंत देवल यांचे 'सर्कससह जगप्रवास' ही मोलाची पुस्तके आहेत. मात्र त्यांत आवाज आहे तो नामवंताचा आणि मालकाचा. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'पासून (1980) भटक्या समाजांनी आपले जीवन स्वतः लिहिले आणि मराठी साहित्याची दिशा पालटली. तंबूचे खांब रोवणाऱ्याचे, झुल्यावर दुसऱ्याचे मनगट पकडणाऱ्याचे, रंग पुसून झोपी जाणाऱ्या ठेंगू विदूषकाचे आत्मकथन मात्र मराठीला अद्याप लाभायचे आहे.

वाघसिंह गेले, मुले गेली, प्रेक्षक दूरदर्शनकडे आणि पुढे हातातील पडद्याकडे गेला, शहरांतील मैदाने इमारतींनी गिळली. 2020 च्या टाळेबंदीत तर तंबू जिथल्या तिथे अडकून पडले. अशा वेळी पुण्याच्या रॅम्बो सर्कशीने आपला खेळ चित्रित करून संगणकाच्या पडद्यावर तिकीट लावून दाखविला. समोर श्वास रोखणारा प्रेक्षक नसताना केलेल्या कसरतीला सर्कस म्हणावे काय, हा प्रश्न रास्त आहे. पण एका इटालियन मालकाच्या उद्गाराला उत्तर म्हणून जिने जन्म घेतला, तिने परिस्थितीच्या आव्हानालाही आपल्या परीने उत्तर दिले. आजच्या तंबूत ईशान्य भारतातील, बंगालमधील, नेपाळमधील आणि आफ्रिकेतून आलेले कलावंत एकत्र जेवतात. मालक बहुधा मलयाळी, व्यवहाराची भाषा हिंदी.

रक्ताचे घराणे या व्यवसायाला यापुढे तारू शकेल, असे दिसत नाही. सर्कसवाल्याचा मुलगा सर्कसवाला व्हायला तयार नाही आणि त्यात गैर काही नाही. उरतो तो विद्येचा मार्ग. चिरक्कऱ्याच्या शाळेने तो शतकापूर्वी दाखविला होता. केरळ सरकारने 2010 मध्ये तलश्शेरीला सर्कस अकादमी सुरू केली, परंतु तिला स्थैर्य लाभले नाही. नृत्य, नाट्य, संगीत यांना कला म्हणून जी संस्थात्मक प्रतिष्ठा स्वातंत्र्योत्तर भारताने दिली, ती झुल्यावरच्या शरीराला दिली नाही. झुल्यावर एक जण हात सोडतो तो दुसरा आपले मनगट पकडील या विश्वासाने. त्या क्षणी दुसऱ्याचे आडनाव काय, हे कोणी विचारीत नाही. छत्रे यांनी रहिमत खाँ यांना पदरी घेतले आणि कुंजिकण्णन यांच्याशी हातमिळवणी केली, तेव्हा त्यांना उमगलेले सत्य यापेक्षा वेगळे नसावे. भारतीय सर्कशीपाशी वारसा म्हणून सांगण्याजोगे जे काही आहे, ते या विश्वासात आहे. आणि त्याला शाळा, वेतन व सन्मान यांचा आधार द्यायचा की नाही, हा निर्णय आता तंबूबाहेरच्या समाजाने करावयाचा आहे.